व्यक्ती तितक्या प्रकृती

‘व्यक्ती तितक्या प्रकृती’ ही म्हण आपल्या बोलण्यात इतकी रुळली आहे, की ती उच्चारताना तिचा अर्थ मनात येईनासा झाला आहे. पंगतीत कोणी ठेचा मागितला आणि कोणी ताक मागितले की ही म्हण निघते; भावाभावांचे पटेनासे झाले की निघते; आणि तेवढ्यावर विषय मिटतो. होमिओपॅथीच्या चिकित्सकाला मात्र ती तेवढ्यावर सोडून देता येत नाही. त्याच्या शास्त्राची सारी इमारत या तीन शब्दांवर उभी आहे. आम्ही गेली तीस-एक वर्षे निपाणीत दवाखाना चालवीत आहोत आणि आठवड्यातून एक दिवस बेळगावास शहापूर भागात बसतो. एवढ्या काळात या म्हणीचा जो अर्थ आम्हांला रोग्यांकडून शिकावयास मिळाला, तो या अंकाच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावा, असे मनात आले.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते थोडक्यात सांगतो. या पद्धतीचे जनक डॉ. सॅम्युएल हानेमान यांचा जन्म १७५५ साली जर्मनीतील माइसेन या गावी झाला. त्यांचा ‘ऑर्गॅनन’ हा ग्रंथ १८१० साली प्रसिद्ध झाला. त्यातील त्र्याऐंशीव्या कलमात त्यांनी रोग्याच्या तपासणीविषयी जे सांगितले आहे, त्याचा आशय असा : प्रत्येक रोगी ही स्वतंत्र व्यक्ती मानून तपासावी, आणि त्यासाठी वैद्याजवळ पूर्वग्रहरहित मन, धड इंद्रिये, सावध निरीक्षण व जे पाहिले ते तसेच नोंदविण्याचा प्रामाणिकपणा असावा. आपल्याकडेही हा विचार परका नाही. औषधाची योजना माणूस माणूस पाहून करावी, असे चरकसंहितेने कितीतरी आधी सांगून ठेवले आहे. आमच्या आजोबांच्या पिढीतले वैद्य नाडीला हात लावण्यापूर्वी रोग्याला गाव, धंदा आणि झोप विचारीत, ते काही वेळ घालविण्यासाठी नव्हे.

साधी डोकेदुखी घ्या. एकाच सकाळी तीन माणसे कपाळ धरून येतात. पहिल्याला जराही हललेले सोसत नाही. तो डोके उशीवर दाबून पडून राहतो आणि मधूनमधून तांब्याभर पाणी पितो. दुसऱ्याचे दुखणे अकस्मात उसळलेले. चेहरा लाल, डोक्यात घणाचे घाव पडल्यासारखे, उजेड नको, आवाज नको. तिसरीला बंद खोलीत गुदमरते, अंगणात आले की बरे वाटते, तहान म्हणून नाही, आणि सांगता सांगता तिचे डोळे भरून येतात. रोगाचे नाव एकच. पण आमचे ग्रंथ पहिल्याला ब्रायोनिया, दुसऱ्याला बेलाडोना आणि तिसरीला पल्साटिला सुचवितात. म्हणून होमिओपॅथच्या वहीत ‘काय होते’ या प्रश्नाला एक ओळ लागते, आणि ‘कशाने वाढते, कशाने उतरते, केव्हा होते, त्या वेळी मनात काय येते’ या प्रश्नांना दोन पाने.

पुढचे, चौऱ्याऐंशीवे कलम आम्हां सीमाभागातल्या चिकित्सकांना अधिक महत्त्वाचे वाटते. रोग्याला मध्ये न तोडता बोलू द्यावे आणि त्याने व त्याच्या माणसांनी जे सांगितले ते त्यांच्याच शब्दांत उतरून घ्यावे, असा तेथे आदेश आहे. जर्मनीत हे सोपे असेल. आमच्याकडे ‘त्यांचेच शब्द’ म्हणजे कोणाचे, हाच पहिला प्रश्न असतो.

मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत, याचा सुशिक्षितांना हळूहळू विसर पडत चालला आहे. पोटात कळ येते, दाढेत ठणका लागतो, कमरेत चमक भरते, पाठीत उसण भरते, गळू ठसठसते, जखम चरचरते, पोटऱ्यांत गोळे येतात, ताप येण्याआधी अंगात कणकण असते. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. १८९७ साली निघालेल्या केंटच्या प्रसिद्ध लक्षणकोशात एकाच अवयवाच्या वेदनेची अशी अनेक सदरे केली आहेत : टोचणारी, जाळणारी, ओढणारी, ठोके पडणारी. इंग्रजी माध्यमात शिकून आलेले तरुण सहकारी ती सदरे इंग्रजीत पाठ करून येतात आणि समोरची म्हातारी “डोस्कं नुसतं भणभणतंय बगा” म्हणाली, की पाने उलटत राहतात. कोशातली सदरे आणि म्हातारीचे शब्द यांची गाठ घालून देणे, हे आमच्या मते निम्मे वैद्यक आहे.

त्यात इथली भाषा एकेरी नाही. निपाणीच्या बाजारात एक माणूस सकाळपासून दुपारपर्यंत तीन भाषा बोलतो. घरी मराठी, अडत्याशी कानडी, शेजारच्या मिस्त्रीशी दखनी. आणि काही शब्द तर वेषांतर करून या भाषांतून फिरत असतात. ‘संकट’ हा शब्द पाहा. मराठी माणसाला संकट म्हणजे घरावर कोसळलेली आपत्ती. चिकोडी-हुक्केरीकडची कानडी बाई “संकट आगतैति” म्हणते, तेव्हा ती छातीपोटातली तगमग सांगत असते. कधी मळमळ, कधी जीव कासावीस होणे. ती ‘ब्यासर’ म्हणते, तेव्हा आपल्या ‘जीव विटला’ या बोलण्याच्या फार जवळ असते. मुसलमान घरातली आजी “जी घबराता” म्हणते, तेव्हा भीती सांगते की धडधड, हे पुढे दोन प्रश्न विचारल्याशिवाय कळत नाही.

एकदा चिकोडीकडच्या खेड्यातून एक आजी आल्या. माहेर कानडी, सासर मराठी; सत्तर वर्षांच्या आतबाहेर वय. बरोबर शहरात नोकरी करणारा नातू होता. तो मोठा चटपटीत आणि मायाळूही. आम्ही प्रश्न आजींना विचारावा आणि उत्तर त्याने द्यावे, असे चालले. “ॲसिडिटी आहे. झोप? झोप ठीक आहे. जेवण? कमी जेवते, ऐकत नाही.” आजी खाली पाहत पदराचे टोक मुडपीत होत्या. नातवाला चहा सांगण्याच्या निमित्ताने आम्ही बाहेर पाठविले आणि मोडक्यातोडक्या कानडीत आजींना विचारले, “काय होतं?” त्यांनी तोच शब्द उच्चारला, संकट. केव्हा होते? दिवेलागणीला. आणखी केव्हा? दिवेलागणीलाच. मग हळूहळू कळले, की चाळीस-पंचेचाळीस वर्षे त्या वेळी त्यांच्या हातात तवा असे आणि अंगणात जनावरे परतत. जनावरे विकली गेली, स्वयंपाकघर नव्या सुनेकडे गेले, आणि त्या घटकेला आता त्यांना करण्याजोगे काही उरले नव्हते. झोप ‘ठीक’ नव्हतीच. त्या रात्री दोनला उठून ओसरीवर बसत, म्हणून कोणाला ठाऊक नव्हते.

येथे भावनेच्या भरात वाहून जाणे सोपे असते. उतारवयात छातीतली तगमग ही हृदयाचीही असू शकते. म्हणून पहिले काम आम्ही त्यांना ईसीजी काढण्यासाठी पाठविण्याचे केले. तो चांगला निघाला, तेव्हाच गोळ्यांची पुडी बांधली. नातवाला एवढेच सांगितले, की संध्याकाळची भाजी निवडण्याचे आणि देवापुढे दिवा लावण्याचे काम आजींकडे परत द्या. महिन्याने त्या आल्या त्या स्वतः बोलत. गुण गोळ्यांचा की दिव्याचा, याचा निवाडा त्या घरातल्या माणसांनी आपापल्या परीने केला असेल. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे, की ‘ॲसिडिटी’ हा शब्द त्यांचा नव्हता, आणि त्यांचा जो शब्द होता तो त्यांच्या घरातच भाषांतरात हरवला होता.

या भागातल्या जुन्या मराठी घराण्यांना भाषेविषयी काही सांगावयास जाणे म्हणजे गंगेला पाणी नेणे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी आपण एका राज्यातून दुसऱ्या राज्यात गेलो. पुढे १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या त्याच्या अहवालाने निपाणी महाराष्ट्राला आणि बेळगाव शहर म्हैसूर राज्याला सुचविले. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. २०१४ साली बेळगावचे सरकारी नाव बदलले. या सगळ्या काळात आपली मोजणी होत आली आहे : या गावात मराठी किती, त्या गावात कानडी किती, शेकडा प्रमाण काय. न्याय मागावयाचा तर मोजणी लागते, हे आम्ही जाणतो; त्या मागणीत आमचीही घरे आहेत. पण मोजणीची सवय मनाला लागली, की समोर आलेला माणूस आधी आकड्यात दिसू लागतो. दवाखान्याच्या उंबऱ्याशी ती सवय बाहेर ठेवावी लागते.

सीमाप्रश्नावरून बेळगाव बंद असण्याचे दिवस वाचकांनी पुष्कळ पाहिले आहेत. अशाच एका दिवशी शटर अर्धे खाली ओढून आम्ही बसलो होतो. बाकावर दोनच माणसे होती. एक आमच्या परिचयाचे, मराठी मोर्च्यात पुढे चालणारे गृहस्थ. दुसरे कानडी संघटनेतले, हेही त्यांच्या गळ्यातल्या लाल-पिवळ्या उपरण्यावरून दिसत होते. दोघेही एकमेकांकडे न पाहता बसले होते आणि दोघांचीही तक्रार एकच होती : झोप येत नाही. एखाद्याला वाटावे, चळवळीची धग आहे, दोघांचे कारण एकच. एकेकाला आत घेऊन विचारले, तेव्हा पहिल्यांची झोप पहाटे तीनला मोडत होती, आणि त्या वेळी त्यांना मुलीच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते दिसत. दुसऱ्यांना झोप लागतच नव्हती; एकुलता मुलगा पुण्याला नोकरीला गेल्यापासून रात्री घर मोठे वाटू लागले होते. मोर्च्यांचा उल्लेख दोघांपैकी एकानेही केला नाही. औषधे निराळी गेली, सांगणे निराळे झाले. मुलगा कानडी घरचा असून पुण्यास रमला, आणि ज्यांना महाराष्ट्रात जावयाचे होते ते गृहस्थ बेळगावातच कर्ज फेडीत राहिले. आयुष्य असे नकाशाला न विचारता चालत असते.

आमच्याच आजच्या राज्यातले एक जुने उदाहरण या संदर्भात सांगण्यासारखे आहे. फादर ऑगस्टस म्युलर या जर्मन जेझुइट धर्मगुरूंनी १८८० साली मंगळूरच्या कंकनाडी भागात गरिबांसाठी होमिओपॅथीचा दवाखाना उघडला आणि १८९० साली कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभारले. तुळू, कोकणी, कानडी बोलणारी माणसे त्यांच्यापुढे येत. ज्या रोगाने माणसाचे नाव पुसून त्याला केवळ ‘महारोगी’ करून टाकले होते, त्या रोग्यांना निवारा आणि औषध मिळावे असे एका परक्या मुलखातल्या माणसाला वाटले. रोगाचे नाव माणसाच्या नावापेक्षा मोठे होऊ न देणे, हीच तर व्यक्तिनिष्ठ चिकित्सेची सुरुवात आहे.

आता या विचाराची मर्यादाही सांगितली पाहिजे, आणि ती आम्हांला निपाणीच्या तंबाखूने शिकविली. आमच्या ग्रंथांत ‘टॅबॅकम’ नावाचे औषध आहे. ते तंबाखूपासूनच करतात. विलक्षण मळमळ, पांढराफटक चेहरा, गार घाम, मोकळ्या हवेत बरे वाटणे, ही त्याची लक्षणे. आमच्या गावातल्या वखारींत तंबाखू चाळणाऱ्या बायकांना ही लक्षणे पुस्तक न वाचता ठाऊक असतात. दवाखान्याच्या पहिल्या काही वर्षांत त्या एकेक करून येत. आम्ही प्रत्येकीची स्वतंत्र वही करीत असू : हिला खोकला पहाटे, तिला रात्री, ही चिडते, ती गप्प होते. पण वह्यांचा ढीग वाढला तेव्हा एक गोष्ट सर्व वह्यांत सारखी दिसू लागली, ती म्हणजे धूळ. सुट्टीला माहेरी गेले की खोकला उणावतो आणि वखारीत परतले की वाढतो, हे त्या सगळ्याच सांगत. चाळीस बायकांचा खोकला जेव्हा एकाच छपराखाली वाढतो, तेव्हा कारण त्यांच्या चाळीस प्रकृतींत शोधीत बसणे हा त्यांच्यावर अन्याय होय.

हानेमान यांनाही हे ठाऊक होते. टाळता येण्याजोग्या अपायकारक परिस्थितीत सतत राहिल्याने जे आजार रेंगाळतात, त्यांना खरे जुनाट आजार म्हणू नये, परिस्थिती सुधारली की ते ओसरतात, असे त्यांनी सत्त्याहत्तराव्या कलमात लिहून ठेवले आहे. तोंडावर ओले फडके, खिडकी, झरोका, धुळीच्या कामाची पाळी बदलणे, हे उपाय पुडीत बांधता येत नाहीत. ते मालकाकडून मागून घ्यावे लागतात, आणि मागणे एकटीने होत नाही. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी निपाणीजवळ महामार्ग अडविला, गोळीबार झाला आणि काही शेतकरी प्राणांस मुकले, हे या गावाच्या स्मरणातून गेलेले नाही. काही दुःखे एकेकाची असतात व काही सगळ्यांची मिळून. कोणते कोणत्या जातीचे, हे ओळखण्यासाठीही आधी एकेकाचे ऐकावेच लागते. वखारीतली धूळ आम्हांला दिसली ती चाळीस वह्या वेगवेगळ्या लिहिल्या म्हणूनच.

आणखी एका गोष्टीविषयी मौन पाळणे योग्य होणार नाही. होमिओपॅथीची औषधे इतकी विरल केलेली असतात, की बारा शतमान शक्तीच्या पुढे मूळ द्रव्याचा एखादाही रेणू गोळीत उरण्याचा संभव जवळजवळ नसतो. २००५ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने होमिओपॅथीच्या ११० व प्रचलित वैद्यकाच्या तितक्याच चाचण्या पडताळणारा लेख छापला आणि होमिओपॅथीचा परिणाम निव्वळ नावाच्या औषधापलीकडे जात असल्याचा भक्कम पुरावा नाही, असा निष्कर्ष काढला. २०१५ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेनेही असाच निर्वाळा दिला. आमच्या व्यवसायबंधूंना हे कटू वाटते, वादही होतात. आम्ही मात्र विचारणाऱ्या रोग्याला हे सांगतो. मधुमेहाचे इन्शुलिन, क्षयाच्या गोळ्या, रक्तदाबाचे औषध आमच्या पुडीसाठी बंद करावयाचे नाही, हा आमच्या दवाखान्याचा पहिला नियम आहे. साप चावला, छातीत कळ आली, तोंड वाकडे झाले, मूल निपचित पडले, तर आमची पायरी न चढता थेट मोठे इस्पितळ गाठावे, हा दुसरा.

मग आमच्याजवळ उरते काय? उरतो तो पाऊण तास. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरपुढे शंभराची रांग असते. त्याने प्रत्येकाला पाऊण तास द्यावा म्हणणे अव्यवहार्य आहे, आणि त्याच्या ज्ञानाला आम्ही नमस्कारच करतो. पण माणसाला आपले दुखणे शेवटपर्यंत, स्वतःच्या शब्दांत, कोणी न तोडता सांगावयास मिळणे ही गरज शंभराच्या रांगेतल्या प्रत्येकाला असते. होमिओपॅथीने ती गरज शास्त्राचे कलम म्हणून लिहून ठेवली, हे तिचे श्रेय. गोळीविषयीचा वाद पुढच्या पिढ्या मिटवतील. ऐकण्याविषयी वाद असण्याचे कारण नाही, आणि ते कोणत्याही पॅथीच्या मालकीचे नाही.

म्हणून वाचकांपाशी एक मागणे आहे, आणि ते औषधाचे नाही. आपल्या घराण्यांतली मुले आता पुण्यास, बंगळुरास, परदेशात आहेत. ती सुट्टीवर येतात आणि मोठ्या मायेने आईवडिलांना डॉक्टरकडे नेतात. त्यांनी नेताना औषधांची यादी, जुने कागद, तपासण्या सारे बरोबर घ्यावे. पण डॉक्टरांनी प्रश्न विचारला की दोन क्षण थांबावे. उत्तर आईला देऊ द्यावे. ती आडवळणाने सांगेल, मध्येच बैल विकल्याची हकीकत येईल, एखादा शब्द कानडी येईल, एखादा तिच्या आजीच्या काळातला. तो इंग्रजीत करून देण्याची घाई करू नये. तिचे दुखणे त्या शब्दातच असते. डॉक्टरला तो कळला नाही, तर डॉक्टर विचारील. आणि नाही विचारले, तर घरी परतल्यावर ओसरीवर बसून आपण तिला विचारावे : हे केव्हा होते, कशाने वाढते, कशाने उतरते? एवढे तीन प्रश्न विचारावयास पदवी लागत नाही.